चाळिसाव्यानंतरचं पाणी

रोमानियाच्या टेकड्यांमधल्या त्या गावात नाताळ जगापेक्षा तेरा दिवस उशिरा येतो. तिथलं चर्च अजून जुन्या कॅलेंडरवर चालतं आणि गाव चर्चवर. नाताळाच्या तिसऱ्या दिवशी दुपारी साफ्ता शेजारच्या नास्तासियामावशीकडे मोठं पातेलं मागायला गेली. उद्या आईचा चाळिसावा होता. प्रसादाचे गहू आज भिजत घालायचे होते.

"तळ करपवलास तर तुलाच घासायला लावीन हां," मावशी म्हणाली.

साफ्ता वीस वर्षं इटलीत म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करत आली होती. इकडे तिची स्वतःची आई शहरातल्या दवाखान्यात पाणी पाणी करत गेली, आणि ही पोचली दुसऱ्या दिवशी. ते तिला फार लागलं होतं. चाळीस दिवस आत्मा घरातच असतो, त्याच्यासाठी खिडकीत पाण्याचा ग्लास ठेवायचा, ही रीत ती एकही संध्याकाळ न चुकवता पाळत होती. दिवसांची मोजणी मात्र मावशीची. दफनाच्या वेळी मावशी तापाने अंथरुणात होती. उठल्यावर तिने मरणाची तारीख विचारून घेतली, भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवलं आणि चाळिसावा नाताळाच्या चौथ्या दिवशी काढून दिला.

"आई पिते हो पाणी," साफ्ता म्हणाली. बोलताना तिचा चेहरा उजळला. "आधी जेमतेम बोटभर कमी व्हायचं. आता सकाळी ग्लास कोरडा ठणठणीत!"

"आता म्हणजे कधीपासून गं?"

"इटलीतल्या नाताळाचे फोन येऊन गेले ना, त्यानंतर तीन-चार दिवसांनी."

मावशी हातातलं पातेलं पुसायची थांबली. "तू मला एकोणीस नोव्हेंबर सांगितलंस... ती कुठली एकोणीस?"

"दवाखान्याच्या दाखल्यावरची. दुसरी कुठली असणार?"

"अगं बाई! मी आपल्या चर्चच्या कॅलेंडरावर मोजली की गं..." मावशीने छातीवर क्रूस काढला. ओठ हलवत बोटांवर दोनदा मोजलं. "तेरा दिवसांची चूक. चाळिसावा तिकडच्या नाताळानंतर तीन दिवसांतच होऊन गेला, पोरी. आई तेव्हाच घर सोडून गेली तुझी."

"मग रोज पाणी..."

"आज भरू नकोस. ग्लास पालथा घाल. आणि खिडकीकडे बघू नकोस."

साफ्ता घरी आली. उशिरा का होईना, आपण आईला पोटभर पाणी पाजलं, हे समाधान वाटेतच गळून पडलं होतं. दिवस कलायच्या आत तिने ग्लास पालथा घातला, गहू धुऊन पातेल्यात काठोकाठ पाण्यात भिजत टाकले, झाकण ठेवलं आणि दार लावून झोपली. घरात ओल्या मातीचा वास होता. स्वयंपाकघरातून अधूनमधून आवाज येत होता, गुरं पाण्यावर येतात तेव्हा येतो तसा. ती उठली नाही.

सकाळी पाहिलं तर ग्लास पालथाच होता. तिला हायसं वाटलं. मग तिने पातेल्यावरचं झाकण काढलं.

आत थेंबभर पाणी नव्हतं. गहू पोत्यातून आत्ताच काढल्यासारखे कडक होते. बादली कोरडी, फुलदाणी कोरडी, आईच्या तसबिरीखालची तीर्थाची बाटलीही कोरडी.

मावशीला हाक मारावी म्हणून तिने तोंड उघडलं. जीभ टाळूला चिकटलेली होती. ती खाली बसली आणि रडू लागली, आधी आईसाठी, मग भीतीने. बराच वेळ हुंदके येत राहिले. गालावरून हात फिरवला तेव्हा तो कोरडाच होता.