लाल झेंड्यांपलीकडचा माणूस

हे मी रचलेलं नाही. रचलं असतं, तर शेवट तरी बरा केला असता.

माझ्या सख्ख्या आत्याच्या बाबतीत घडलंय. मागच्या वर्षी, एका रविवारी संध्याकाळी. आमच्या घराजवळच्या समुद्रकिनाऱ्यावर.

आत्या दातांची डॉक्टर. मुलं शिकायला बाहेर गेली आणि घर तिला खायला उठलं. मग ती जीवरक्षक पथकात स्वयंसेवक म्हणून जायला लागली. "घरी माश्या मारण्यापेक्षा माणसं वाचवते," म्हणायची.

शिकवायला मास्तर होते. निवृत्त पीटी शिक्षक, आडदांड, मोजकं बोलणारे. त्यांनी एक गोष्ट तिच्याकडून घोटून घेतली होती. बुडणारा माणूस वाचवणाऱ्याच्याच उरावर बसतो. त्याने मिठी मारली, की सरळ खाली बुडी मारायची. त्याला हवा हवी असते. तो आपोआप सोडतो.

त्या दिवशी समुद्र खवळलेला होता. लाल झेंडे लावले होते. पाण्यात चिटपाखरू नव्हतं. आत्या दोर गुंडाळत होती.

आणि तिला दिसला... एक हात.

झेंड्यांच्या पलीकडे.

"मास्तर, माणूस आहे तिथे."

"कुठे? मला नाही दिसत, डॉक्टर. थांबा जरा."

तोवर ती फ्लोट घेऊन पाण्यात शिरली होती.

माणूस होता. डोळे सताड उघडे. तिने फ्लोट पुढे केला. त्याने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

त्याने तिचा गळा धरला.

लाटा अंगावर फुटत होत्या. त्याचं तोंड तिच्या कानाशी होतं. पण धाप... धापच ऐकू येत नव्हती.

तिने बुडी मारली.

त्याने सोडलं नाही.

तिने कोपर त्याच्या नाकावर हाणलं. हाड मोडलेलं कोपराला जाणवलं. रक्त आलं नाही. तिने गुडघा पोटात घातला. त्याने केस धरून तिची मान मागे पिरगाळली आणि खांद्यात दात रुतवले. गळ्याखालचं हाड कडकन मोडलं. छाती फुटायला आली.

आणि तेव्हा, पाण्याखाली, अगदी स्पष्ट...

"या वेळी सोडायचं नाही, मास्तर."

पुढचं तिला आठवतं ते वाळूवर. मास्तरांनीच ओढून आणलं होतं.

"तुम्ही एकट्याच होतात, डॉक्टर," ते म्हणाले. "एकट्याच हातपाय झाडत होतात."

मग त्यांना तिचा गळा दिसला. बोटांचे वळ काळेनिळे होत होते. खांद्यावर चाव्याची खूण होती. वरच्या ओळीत एका दाताची जागा रिकामी.

मास्तरांनी त्या रिकाम्या जागेवर बोट टेकवलं.

"काही बोलला?"

आत्याने ते वाक्य सांगितलं. त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून तिच्या हातात ठेवली आणि चालू लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तर सापडले. किनाऱ्याच्या पार टोकाला, वाळूत. बरगड्यांचा चुराडा. डोक्याचे केस मुठीमुठीने उपटलेले. खडकांवर आपटले असतील, असं पोलीस म्हणाले.

पण हात?

आत्याने स्वतः पाहिलं. बुडणाऱ्याला मागून काखेत धरून आणतात ना, तसे दोन्ही हात वळलेले. सरळच होईनात. तसंच न्यावं लागलं त्यांना.

मास्तरांच्या बायकोला आत्या भेटून आली. मास्तरांच्या हातून पूर्वी कोण सुटला होता, ते त्यांनाही माहीत नव्हतं. निदान त्या तसं म्हणाल्या.

हाड जुळल्यावर आत्या पुन्हा पथकात जायला लागली. मला राहवलं नाही.

"भीती नाही वाटत तुला?"

"वाटते ना."

"मग पुन्हा कुणी दिसलं तर?"

तिने मास्तरांची शिट्टी गळ्यात अडकवली.

"खरा कोण, ते जवळ गेल्याशिवाय कसं कळणार? जावंच लागतं रे."

आता दर रविवारी मीच तिला सोडायला जातो. ती परत येईपर्यंत गाडीत बसून राहतो. काचा वर करून... पाण्याकडे पाठ करून.