उंबू खाली का उतरेना?

टिंबा ग्रहावरून आलेल्या उंबूच्या यानानं पृथ्वीभोवती अकरा फेऱ्या मारल्या होत्या आणि तो काही खाली उतरत नव्हता. इंधन आता दोनच फेऱ्यांपुरतं होतं. मग त्याला परत फिरावं लागणार, आणि टिंबा पुन्हा जवळ येणार एकोणीस वर्षांनी. तोवर आज बारा वर्षांची असलेली शाल्मली एकतीस वर्षांची होणार. त्या वयात सहा पायांचा मित्र मिळून काय उपयोग?

कळमनुरी यानतळाचं संकेतस्थळ (वेबसाइट) तिनंच बनवलं होतं. उंबूनं त्यावर परवानगी मागायची, की तळाचं छप्पर उघडणार. वरून निरोप येत. खालून वर मात्र फक्त संकेतस्थळच जाई.

अकराव्या फेरीनंतर निरोप आला. ‘संकेतस्थळ फारच छान. आपली हरकत नसेल तर अजून एक फेरी मारतो.’

“दरवेळी छान म्हणतो!” शाल्मली रडकुंडीला आली. “मग उतरत का नाही?”

तिची वासंतीमावशी यानतळावर शास्त्रज्ञ होती. तिनं विचारलं, “आधी कुणाला दाखवलं होतंस?”

“आख्ख्या वर्गाला. कसं आहे विचारलं. सगळे छान म्हणाले.”

“पाहुण्यांना पोहे कसे झालेत विचारलं, तर खारट कोण म्हणतं? विचारायचं नाही गं, बघायचं.”

मावशीनं जुनं कॅलेंडर उलटं करून त्यावर पेन्सिलीनं संकेतस्थळाची पानं काढली. “हा प्रोटोटाइप (खरी वस्तू बनवण्याआधीचा कच्चा नमुना). आणि मी कॉम्प्युटर. बटण दाबलं, की पुढचं पान ठेवणार,” असं म्हणून तिनं चेहरा अगदी निर्विकार केला.

मग फाटकावरच्या सदूकाकांना बोलावलं. त्यांनी संकेतस्थळ कधीच पाहिलं नव्हतं.

“काका, तुम्ही यानात आहात. खाली उतरायचंय. बोटानं दाबा.”

सदूकाकांनी पानावरच्या शनीच्या चित्रावर बोट ठेवलं. काहीच झालं नाही. त्यांनी शनी जोरात दाबला. शाल्मली सांगायला तोंड उघडणार, तोच मावशीनं त्यात लाडू कोंबला. “कॉम्प्युटर असं सांगत नाही. त्याची मालकीणही नाही.”

मंगळ, धूमकेतू, आतषबाजी, सगळं दाबून झालं. “मीच अडाणी ओ,” काका ओशाळले.

“तुम्ही नाही चुकलात, काका. पान चुकलंय.”

लाडू गिळता गिळता शाल्मलीनं आपलं संकेतस्थळ आठवून पाहिलं. बटण होतं खालच्या कोपऱ्यात, निळ्यावर निळं, आणि त्यावर लिहिलं होतं ‘अवतरण-अनुमती-विनंती’. लांबचा पाहुणा म्हणून तिनं मुद्दाम भारी शब्द शोधले होते. बिचारा उंबू! सापडत नाही म्हटलं तर यजमानाला वाईट वाटेल, म्हणून गुमान फेऱ्या मारत होता.

तिनं पेन्सिल उचलली. आधी वायरफ्रेम (पानाचा नुसता सांगाडा, रंग नाही, चित्रं नाहीत) काढली. मधोमध मोठं बटण: ‘उतरायचंय’. सदूकाकांनी ते लगेच दाबलं. मग पुढच्या पानावरचे चौदा प्रश्न आले, आणि काका ‘आवडता रंग’पाशी दहा मिनिटं विचारात बुडाले.

शाल्मलीनं ते पान टराटरा फाडलं. जराही वाईट वाटलं नाही! वीस दिवस खपून बनवलेलं फाडायला हात धजत नाही. कागदाला अर्धं मिनिट लागतं. कच्चा नमुना करायचा तो यासाठीच.

तिसरा कागद सदूकाकांनी चार सेकंदांत पार केला. तोवर बारावी फेरी संपली होती. शाल्मलीनं कागदाबरहुकूम संकेतस्थळ बदललं आणि वर पाठवलं.

तेरावी फेरी सुरू झाली. एक मिनिट. दोन. सदूकाका उगाचच हवेत बोट दाबत होते.

धडाडधूम! छप्पर उघडलं! यान घरंगळत आलं आणि त्यातून हिरवागार, दमलेला उंबू उतरला.

“काय जड गेलं?” शाल्मलीनं आल्या आल्या विचारलं.

उंबूनं बराच वेळ सहाही पायांची चुळबूळ केली. मग हळूच म्हणाला, “आमच्याकडच्या दवाखान्याचं संकेतस्थळ याहूनही देखणं आहे. त्यात डॉक्टर सापडेपर्यंत लोक आपोआप बरे होतात. जे होत नाहीत, त्यांचं अवघड असतं.”

शाल्मलीनं कॅलेंडरचा नोव्हेंबर फाडून त्याच्यापुढे ठेवला. “दाखव बरं काढून. आजारी माणूस आधी काय शोधतो?”

उंबूनं सहा पेन्सिली उचलल्या.