ओळखीचं क्षेत्रफळ

पहिला दाणा पडला तेव्हा निहार हसला आणि म्हणाला, "ओवीच्या छत्रीची काडी मोडलीय. तिला कळू नये म्हणून मी त्या बाजूनं भिजत चाललोय."

काचेपलीकडे बसलेल्या ओवीला ती छत्री आठवत होती. काडीचं मात्र आजवर माहीत नव्हतं.

निहार देवगडच्या समुद्रातल्या पवनचक्क्या दुरुस्त करायचा. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी अबोलच. आता त्याच्या मेंदूत गाठ होती आणि ती काढायची तर भोवतीचा भागही कापावा लागणार होता. त्या भागात बायकोची ओळख कितपत पसरली आहे, हे आधी ठरवायचं होतं. निर्णय त्यानं ओवीवर सोपवला होता.

आठवणींचा प्रदेश सांडलेल्या ताकासारखा वेडावाकडा असतो, लांबी-रुंदी घेऊन तो मोजता येत नाही, असं डॉक्टर शर्वाणी केळुसकरांनी तिला समजावलं होतं. अंगणात कशीही फिसकटलेली रांगोळी असावी आणि आपण डोळे मिटून मोहरी सगळीकडे उधळावी. पडलेल्यांपैकी निम्मे दाणे रांगोळीवर असतील, तर निम्मं अंगण रांगोळीचं. इथे मोहरीऐवजी प्रकाशाचे बारीक ठिपके होते. रुग्णालयात त्यांना दाणेच म्हणत. दाणा ओवीच्या आठवणीवर पडला की निहार ती बोलून दाखवी, बाहेर पडला की गप्प राही.

फक्त, दाणा जिथे पडे तिथली आठवण आजूबाजूच्या धाग्यांसकट विझत असे. हेही तिला सांगितलेलं होतं. तेव्हा तिनं नुसती मान हलवली होती.

"चहाच्या वेळी मी दुर्बिणीतून आपली निळी टाकी शोधतो," निहार म्हणाला. "तिथे गच्चीवर ओवी दिसली की चक्कीवरून खाली उतरतो."

ओवी उठली, खिडकीपर्यंत जाऊन आली, पुन्हा बसली.

पहिली फेरी संपली. त्या भागाचा साधारण तिसरा हिस्सा ओवीच्या आठवणींचा भरत होता. इतक्या ओळखीवर सुरी चालवायला डॉक्टर तयार नव्हत्या. थोड्या दाण्यांवरचा अंदाज बराच चुकू शकतो, पण इथेच थांबून औषधं सुरू करावीत, त्यांवर तो वर्षभर काढेल, असं त्यांचं मत होतं. ओवी थांबायला तयारच होती. तेवढ्यात, यंत्र बंद होता होता, शेवटचा दाणा पडला.

"बाळ गेलं तेव्हा मी बोटीत रडून घेतलं," निहार म्हणाला. "घरी रडलो असतो तर ओवी सावरली नसती."

त्याच्या डोळ्यांतून टिपूसही आलं नाही, म्हणून ती इतकी वर्षं त्याच्याशी मनातून फटकून वागली होती. ती काचेला जाऊन टेकली. त्याला आत्ता विचारावं तर आत्ताच ते विझलं होतं.

"आणखी टाका," ती म्हणाली.

"अंदाज पक्का होईल," डॉक्टर म्हणाल्या. "पण तुम्हाला अंदाजच हवाय ना?"

ओवीनं खुर्ची काचेजवळ ओढली. फेरीमागून फेरी झाली. त्यानं तिच्या आवाजाची नक्कल केली, तिच्या वडिलांना मनातल्या मनात दिलेलं वचन सांगितलं. ती ऐकत गेली, आधाशासारखी. मग मधले गप्प क्षण लांबू लागले. दाण्यामागून दाणा पडे आणि निहार छताकडे बघत राही.

डॉक्टरांनी यंत्राचा पडदा तिच्याकडे वळवला. "दहांतला एखादाच लागतोय. आता खुशाल कापता येईल. जगेल तो."

"म्हणजे आधीचा अंदाज चुकला होता?"

"नाही," डॉक्टर म्हणाल्या. "तोही बरोबर होता."

ओवीनं संमतीची सही केली. हे आपण त्याच्या जिवासाठी केलं की ऐकण्याच्या हव्यासापोटी, हे तिला सांगता आलं नसतं. तिनं वर पाहिलं. काचेपलीकडची बाई मघापासून आपल्याकडे बघते आहे हे निहारच्या लक्षात आलं होतं. तो जरासा संकोचला आणि शिष्टाचारापुरतं हसला.