बेचाळिसावी ओळ

२००९च्या एप्रिलमध्ये दौंडातल्या एका खाजगी संगणक केंद्राला लसीकरणाच्या याद्या छापायचं काम मिळालं. सगळ्या तालुक्याची एकच जड फाइल पुण्याच्या सर्व्हरवर होती. ती उतरवायला केंद्रातला नागसेन विंडोजच्या पॉवरशेलमध्ये स्क्रिप्ट लिहीत होता. मार्ग दोन. ‘वेबक्लायंट’ फाइल एका दमात ओढायचं, पण लाइन तुटली की पुन्हा पहिल्यापासून. ‘बिट्स’ तुकड्यातुकड्यानं आणायचं आणि थांबलं तिथूनच पुढं सुरू करायचं. दौंडातली लाइन तासाला चारदा तुटायची. त्यानं बिट्स घेतलं.

“सोमवारी मला लस द्यायला कासुर्डीला जायचंय,” नर्स मायाताई म्हणाल्या. “यादीत नसलेलं लेकरू राहून जातं, भाऊ. नीट काढा.”

लाइन एकदा तुटली, पण फाइल आली. कासुर्डीची मुलं एक्केचाळीस. त्याखाली बेचाळिसावी ओळ होती, नुसता आकडा, पुढं कोरी.

नागसेननं फाइल पुसली, पुन्हा उतरवली. या खेपेला लाइन दोनदा तुटली. बेचाळीसपुढं आईचं नाव आलं होतं : सारजाबाई.

त्यानं पुण्याला फोन लावला. “आमच्याकडं एक्केचाळीसच आहेत,” तिकडून उत्तर आलं. व्हायरस नव्हता. दुपारी लाइन जरा टिकली तेव्हा त्यानं वेबक्लायंटनं फाइल ओढली. एक्केचाळीस.

तीच छापून मोकळं व्हायचं. पण त्याला खुर्चीत बसवेना. तो दारापर्यंत गेला, परत आला, बिट्स सुरू केलं आणि स्वतःच्या हातानं वायर उपटली. लावली. उपटली. लावली. तिसऱ्यांदा उपटताना बोटं घामानं निसटत होती.

आता बेचाळीसपुढं मुलीचंही नाव होतं : राजनंदिनी. वय पाच.

शनिवारी दुपारी तो मोटारसायकल काढून कासुर्डीला गेला. सारजाबाई दारात शेंगा फोडत बसल्या होत्या. नवरा कामावर गेलेला, घरात त्या एकट्याच.

“राजनंदिनी तुमची मुलगी का, मावशी?”

त्यांचे हात थांबले. “ह्ये नाव कुणी सांगितलं?”

“यादीत आहे.” त्यानं छापलेला कागद पुढं केला.

“चार दिसांची हुती, तवाच गेली. पाच वर्सं झाली.” त्या कागदाकडं बघत राहिल्या. “बारसं न्हाई झालं. नाव म्या मनातच ठिवलं हुतं. तिच्या बापालाबी न्हाई सांगितलं.”

नागसेननं खिशातलं पेन काढलं. “चूक झाली, मावशी. खोडतो मी.”

“ऱ्हाऊ द्या.” त्यांनी कागदावर हात ठेवला. “कवा आणायची तिला?”

“सोमवारी,” त्याच्या तोंडून निघून गेलं.

सारजाबाईंनी मान वळवून आतल्या खोलीच्या बंद दाराकडं पाहिलं.

“ऐकलंस का गं?”

दाराची कडी आतून हळूच निघाली.