मावशी विचारते…

बाटलीवर निळं जहाज छापलेलं होतं आणि आत विहिरीचं पाणी होतं. रागिणीने झाकण उघडून वास घेतला आणि बाटली काउंटरवरून परत सरकवली.

"हे नाही चालणार. लिंबाच्या सरबताचा वास येतोय."

"चांगली धुतली होती मी, मॅडम."

"अजून धुवायला हवी होती."

अकोल्याच्या त्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत नमुना नाकारला की लोक चिडायचे. हा तरुण मात्र हसला. आधी डोळ्यांनी, मग ओठांनी. त्याचं नाव नितेश. गाव दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं… जिथे विहिरीच्या पाण्याचा चहाही खारट लागतो.

"ही बाटली कुठली?" तिने विचारलं. खरं तर नमुन्याच्या कागदावर हा प्रश्न नव्हता.

"आमच्या जहाजावरची. क्रूझ. मी तिथं पाण्याच्या खात्यात हाये, सध्या सुट्टीवर आलो. समुद्राचं पाणी घ्याचं, गोड कराचं अन् नळाले सोडाचं. हजारो लोक त्यात आंघोळ करतात, पोहतात, गरम पाण्याच्या टबात बसून राहतात."

"आणि घरची विहीर?"

"तिच्यापुढं हरलो. म्हणून तं तुमच्याकडे आलो!"

रागिणीने त्याला स्वच्छ बाटली दिली. तो गेल्यावर मात्र तिच्या हातातलं काम उगाचच थोडा वेळ थांबलं.

तो अहवाल न्यायला आला, तेव्हा तिने मान खाली घालूनच विचारलं, "माझ्या शकुनमावशीला जहाजाबद्दल थोडं विचारायचं होतं…"

हे अगदी खरं होतं. अमरावतीच्या शकुनमावशीने आणि तिच्या भिशीतल्या मैत्रिणींनी मुंबईहून निघणाऱ्या क्रूझवर जायचं ठरवलं होतं, आणि चौकशीचं काम रागिणीच्या गळ्यात पडलं होतं.

"विचारा ना," नितेश म्हणाला. "नंबर घ्या माझा."

*मावशी विचारते, शाकाहारी जेवण मिळतं का?*

*मिळते. स्वयंपाकघरही वेगळं असते. पण ठेचा सोबत ठेवा म्हणा, तिकडच्या मिरचीत जीव नाई.*

*मावशी विचारते, जहाज लागलं तर?*

*बस लागते तसंच. डॉक्टर हाये, गोळ्या हायेत. खालच्या मजल्यावरची, मधोमधची खोली घ्या. ती कमी हलते.*

*मावशी विचारते, पोहायच्या तलावात साडी नेसून उतरू देतात का?*

*नाई देत. पण काठावर पाय सोडून बसू देतात. मले विचाराल तं पोहण्याहून तेच चांगलं!*

मग दिवाळी झाली, आणि प्रश्न हळूहळू बदलू लागले. मावशी विचारते, पहाटे डेकवर थंडी वाजते का? मावशी विचारते, बाल्कनीच्या खोलीत निजलं की लाटा ऐकू येतात का?

*येतात,* त्याने लिहिलं. *आधी वाटते कोणी सूप घेऊन पाखडून राहिलं. मग तो आवाज आपल्या श्वासात मिसळते अन् ऐकू येनंच बंद होते.*

रागिणीने समुद्र पाहिला नव्हता. लिटरभर समुद्रात साधारण किती मीठ असतं ते तिला तोंडपाठ होतं. त्याचा आवाज कसा असतो, ते हा माणूस सांगत होता. शनिवारी मावशीकडे जाताना अमरावतीच्या बसमध्ये ती खिडकीला डोकं टेकून बसायची. रस्त्याकडेच्या बाभळींवर कापसाचे पुंजके अडकलेले असायचे, धुक्यात तुरीची शेतं हलायची, आणि मूर्तिजापूर येईपर्यंत बसला कठडे फुटायचे, वर आकाशाखाली खुर्च्या मांडल्या जायच्या… आणि शेजारच्या खुर्चीत कुणीतरी डोळ्यांनी आधी हसायचं.

*मावशी विचारते, चहूकडे पाणीच पाणी असलं की घर आठवतं का?*

या उत्तराला वेळ लागला.

*रोज आठवते. पण या खेपेले घरासोबत अजून काहीतरी आठवेल, असं वाटून राहिलं.*

तिने फोन उशीखाली ठेवला. पुन्हा काढला. पुन्हा ठेवला.

डिसेंबरात नितेशने बातमी कळवली. कंपनीचं नवं जहाज मुंबईहून सुरू होणार होतं. वर काचेच्या छताचं वाचनालय, उघड्यावरचं नाट्यगृह, लहान मुलांसाठी घसरगुंड्या. त्याला दोन्हीकडून बोलावणं होतं. जुन्या जहाजावर गेला तर बढती, पण नऊ महिने युरोपात. नव्यावर आला तर हुद्दा एक पायरी खाली, पण दर महिन्याला घरी येता येणार. रविवारी रात्रीपर्यंत कळवायचं होतं.

*मावशीले काय वाटते?* त्याने शेवटी विचारलं होतं.

रागिणीने चार ओळी लिहिल्या आणि खोडल्या. मग लिहिलं, *मावशी विचार करतेय.*

त्याच रविवारी मावशीने नितेशला अमरावतीला चहाला बोलावलं. सोबत काय काय न्यायचं ते विचारून घ्यावं, एवढाच तिचा हेतू. मधोमध शेंदूरजनाघाटच्या संत्र्यांची टोपली, भोवती भिशीच्या बायका. रागिणी कोपऱ्यात संत्री सोलत बसली होती.

"मावशी," नितेश म्हणाला, "तुमाले लाटा ऐकायच्या हायेत ना? मंग बाल्कनीचीच खोली घ्या."

"मले?" मावशीने चष्मा वर केला. "मी तं गोळी खाऊन झोपीन! अन् बुकिंग दिवाळीच्या आधीच झालं आमचं. मी जेवणाचं अन् डॉक्टरचं तेवढं विचारलं होतं."

"साडीचं म्या विचारलं होतं," भिशीतल्या सत्यभामाबाई म्हणाल्या.

"बस. बाकी काय विचारलं आमी?"

सगळ्या बायका रागिणीकडे पाहू लागल्या. ती सालींची ताटली उचलून गॅलरीत गेली.

मागोमाग पावलं आली.

"मॅडम… थंडीचं कोणं विचारलं होतं?"

तिने ताटली कठड्यावर ठेवली.

"अन् घर आठवण्याचं?"

"तेही मीच," ती कठड्याला म्हणाली.

"मंग रात्री जे कळवायचं हाये, ते मी मावशीले काहून विचारत बसलो?"

खाली रस्त्यावरून एक स्कूटर गेली. रागिणीने संत्र्याची बोटं रुमालाला पुसली.

"मी दोनदा तपासल्याशिवाय काही लिहून देत नाही," ती म्हणाली.

"तं तपासा."

"तपासलंय. रोज तपासतेय…" तिने वळून त्याच्याकडे पाहिलं. "मुंबईच्या जहाजावर या, नितेश. हुद्दा खालचा असला तरी. नऊ महिने मला नुसती उत्तरं नकोत. तुम्ही हवे आहात. इथे, समोर."

नितेश एक पाऊल पुढे आला.

"पुन्हा एकदा म्हणता?"

"नाही."

"बरं… नका म्हणू. आलं ध्यानात." आणि त्याने खिशातून फोन काढला. कंपनीला दोन ओळी लिहायला त्याला फार वेळ लागला. मग त्याने फोन तिच्यापुढे धरला. "वाचून पाहा. चूक नको राहाले."

रागिणीने वाचलं. पुन्हा वाचलं. आणि तिनेच तो निरोप पाठवून दिला. फोन परत देताना तिचा हात त्याच्या हातात राहिला, आणि दोघांपैकी कुणालाही तो सोडवायचं सुचलं नाही.

आत मावशीचा आवाज चढला, "गॅलरीत कोणी जाऊ नका वं! तिकडे जागा नाई!"