तीनांपैकी दोन

चंद्रावरच्या तळाच्या नियंत्रण कक्षात कुणीच खुर्चीत बसलेलं नव्हतं. तळाजवळ जमिनीखाली, फार पूर्वी वाहून गेलेल्या लाव्ह्याने कोरलेली एक लांबलचक गुहा होती. तिच्या छताचा एक भाग कोसळला होता आणि दगडांचे नमुने घ्यायला उतरलेला भूशास्त्रज्ञ नासीर शिकलगार आत अडकला होता. त्याच्या शिरस्त्राणातला रेडिओ गप्प होता.

दरडीतल्या एका फटीतून केबलला बांधलेला छोटा चाकांचा यंत्रमानव आत सोडला होता. त्याच्या डोक्यावर मत्स्यनेत्र भिंग होतं. माशाच्या डोळ्यासारखं फुगीर, एकाच फोटोत अर्धी गुहा टिपणारं. डोकं थोडं थोडं फिरवत तो सहा फोटो काढायचा, तिथल्या तिथे ते एकमेकांना शिवायचा आणि चहूबाजूंचं एकसंध सर्वदिशाचित्र वर पाठवायचा. केबल इतकी बारीक होती, की ते एक चित्र यायलाही वेळ लागायचा. व्हिडिओचं तर नावच नको.

चित्र आलं. काळे खडक, धूळ, दरड. माणूस नव्हता.

तळप्रमुख यशोधन पालेकरांनी ते दोनदा सरकवून पाहिलं. "दरडीखाली गाडला गेलाय तो," ते हळूच म्हणाले. "गुहेच्या तोंडाशी ड्रिल घेऊन गेलेल्या फ्रान्सिसला तिथेच थांबायला सांगा. ड्रिल लावलं तर उरलेलं छत त्याच्याच डोक्यावर यायचं. रिकाम्या गुहेसाठी मी दुसरा माणूस घालवणार नाही."

शिवणीचा प्रोग्रॅम लिहिणारी ऊर्मिला तांडेल पडद्याला नाक लावून उभी होती.

"सर, हे बघा. यंत्रमानवाच्या चाकांच्या खुणा. आणि त्यांच्यावर बुटांचे ठसे."

"नासीर सकाळपासून तिथेच फिरत होता."

"पण ठसे चाकांच्या खुणांवर आहेत, सर! यंत्रमानव गेल्यानंतर उमटलेले."

पालेकर वळले. "मग तो दिसत का नाही?"

उत्तर ऊर्मिलाला ठाऊक होतं, कारण ते तिनेच लिहिलं होतं.

"गुहेतली प्रत्येक जागा तीन फोटोंत येते. शिवताना तिन्ही जुळवावे लागतात. मधल्या वेळात काही हललं, तर चित्रात त्याची भुतं उमटतात, एकाच वस्तूच्या दोन-तीन अर्धवट सावल्या. ती काढायला मी नियम घातला, तीनांपैकी दोन फोटोंत जे सारखं असेल ते ठेव, बाकीचं पूस. ठसे उमटले की तिथेच राहतात, म्हणून ते वाचले. आणि जे सतत हलतं..."

"ते पुसलं जातं," पालेकर म्हणाले.

"मूळ फोटो मागवते. एकच मागवते, लवकर येईल."

फोटो पट्ट्यापट्ट्यांनी उतरू लागला. ऊर्मिला कक्षात येरझारा घालत होती. निम्मा पडदा भरला आणि भिंगाच्या फुगवट्यात वाकडंतिकडं झालेलं एक शिरस्त्राण दिसलं. दोन्ही हात वर करून नासीर कॅमेऱ्यासमोर उभा होता. आपण फोटोत यावं म्हणून तो फिरत्या भिंगाबरोबर धावत होता, आणि जागा बदलत होता म्हणूनच प्रत्येक ठिकाणाहून पुसला जात होता.

"फ्रान्सिस, उतर!" पालेकर रेडिओवर ओरडले. "माणूस जिवंत आहे!"

फ्रान्सिस डाबरेने ड्रिल लावलं. फट तसूतसूने रुंदावत होती. नासीरच्या टाकीत किती प्राणवायू उरला असेल, हे कुणी मोठ्याने विचारत नव्हतं. ऊर्मिलाने यंत्रमानवाला पुन्हा चित्र घ्यायला लावलं. नियम बदलायला हवा होता, पण तेवढी सवड नव्हती.

दुसरं चित्र आलं आणि पालेकरांनी टाळीच वाजवली. "दिसला! स्वच्छ दिसतोय बघ!"

खरंच दिसत होता. भिंतीला पाठ टेकून, पाय पसरून बसलेला. धार न् धार रेखीव. ऊर्मिला पडद्यापासून एक पाऊल मागे सरली. हा प्रोग्रॅम माणसाला इतका स्वच्छ एकाच कारणाने दाखवू शकत होता, तो जराही हलत नसेल तर.

"काय झालं?" पालेकरांनी विचारलं. मग तिचा चेहरा पाहून त्यांनाही कळलं. त्यांचा हात रेडिओच्या बटणावर गेला आणि तिथेच अडखळला. फ्रान्सिसच्या डोक्यावर छत अजून लोंबकळत होतं.

"थांबवू का त्याला?"

ऊर्मिला चित्र मोठं करत गेली. शिरस्त्राण. छाती. खांदा. उजवी बाही मनगटापर्यंत आली आणि संपली. पुढे नुसता खडक.

"अरे देवा," पालेकर पुटपुटले. "हात..."

"हात नाहीये!" ऊर्मिला किंचाळली. ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "सर, हात पुसलाय प्रोग्रॅमने! फ्रान्सिसला सांगा, थांबू नकोस!"

फट मोकळी झाली तेव्हा फ्रान्सिसच्या दिव्याच्या झोतात नासीर होता तसाच बसलेला सापडला. भिंतीतून पाठीला ड्रिलची थरथर जाणवल्यापासून तो तिथून हलला नव्हता. उजव्या मुठीत एक दगड धरून तो भिंतीवर आपटत होता. आपलीही थरथर पलीकडे पोचावी म्हणून. फ्रान्सिसने खांदा धरून हलवलं, तरी तो आपटतच राहिला.