जुसाराला चावी पाहिजे

"तिचा नाव ह्या घरात घेवचा नाय म्हणजे नाय!"

बाळकृष्णानं ताट दूर सरकवलं आणि प्रेमानं ते परत त्याच्यापुढं ओढलं.

"अहो, उद्या पोरां ब्राझिलाक परत जातली! एकदा तरी सुनेक बघा!"

"सून? गिटार घेवन स्टेजार नाचता, ती सून?"

"नाचणा नाय, गाता! स्वतः गाणी लिवता. जुनी गाणी घेता नि नव्या तालार..."

"खलास!" एवढं बोलून तो आखातातल्या अल खौदच्या आपल्या दुकानात निघून गेला, लोकांचे एसी थंड करायला, स्वतः मात्र तापलेला!

दोन वर्षं झाली होती. देवेशनं तिकडंच जुसाराशी लग्न लावलं आणि बापानं पोराचं नाव टाकलं. त्या दिवसापासून प्रेमानं घरात गाणं म्हणून म्हटलं नाही. आणि गंमत म्हणजे हिच्या फुगडीच्या गाण्यावर भाळूनच बाळकृष्णानं वेंगुर्ल्यात हिला मागणी घातली होती! मुकी झाली बिचारी... निदान नवऱ्यापुरती. कारण तो दुकानात गेला रे गेला की फोनवर ब्राझील, आणि ही माउली सुनेला एकेक फुगडी शिकवत बसायची. पोरगीही हुशार, शिकता शिकता अर्धी मालवणी झाली!

प्रेमानं डोळे पुसले आणि फोन लावला, तो आज जिथं सुनेचं गाणं होतं त्या हॉलच्या केअरटेकर कासमला.

चार वाजता बाळकृष्णाचा फोन वाजला, पलीकडून कासम. "अर्बाब, सेठ, हॉल का एसी खलास! पब्लिक बैठा है, यल्ला, जल्दी!"

गिऱ्हाईक म्हटल्यावर हा माणूस सगळा राग विसरतो. हत्यारांची पेटी घेऊन मागच्या दारानं आला, कासमनं एसी रूमची चावी हातात ठेवली. मशीन बघतो तर काय, मस्त चालू! हाताला बर्फ लागेल इतकं गार!

"कासमभाई, ये क्या मजाक है?"

कासमनं हसत त्याला विंगेत ढकललं. समोर प्रेमा उभी, पदर तोंडात कोंबून. बाळकृष्ण तोंड उघडणार, इतक्यात स्टेजवरून आवाज आला... फू! फू! फू! फुगडीचा श्वास! त्यावर गिटार, गिटारीवर ढोल, आणि त्या सावळ्या, कुरळ्या केसांच्या पोरीचा मोकळा गळा...

"काजीचो बोंडू पिकलो गो, पोपटान येवन टिपलो गो!"

त्याच्या हातातली पेटी खाली आली. हे गाणं जगात एकच बाई गात होती, आणि दोन वर्षं तिनं ते त्याच्या कानावर पडू दिलं नव्हतं! तेवढ्यात गाणं वळलं, ढोल थांबला आणि जुसारा आर्त स्वरात तिच्या भाषेत विचारू लागली, "कादे आ शावी? शावी... शावी..."

"चावी?" बाळकृष्ण दचकला. "अगो, चावी माझ्याकडे रवली!"

प्रेमा अडवेपर्यंत गडी एसी रूमची चावी उंच धरून धावत स्टेजवर! "घे गो बाय, ही घे!"

अख्खा हॉल हसला. साउंडच्या टेबलावर बसलेल्या देवेशनं कपाळाला हात लावला. पण जुसारा हसली नाही. तिनं गिटार बाजूला ठेवली आणि वाकून त्याच्या पायांना हात लावला.

"मामंजी... चावीक आमी शावीच म्हणतव. पण ही नको. गाण्यात मी घराची चावी मागतंय..."

प्रेमा विंगेच्या कडेपर्यंत आली.

बाळकृष्णानं ती चावी खिशात टाकली. दुसऱ्या खिशातून स्वतःच्या चाव्यांचा जुडगा काढला. कडी उघडेना, शेवटी दातांनी उघडली! त्यातली घराची चावी त्यानं सुनेच्या तळहातावर ठेवली आणि तिची मूठ आपल्या दोन्ही हातांनी मिटली.

मग विंगेकडं वळून, माइक समोर आहे याचं भान नसताना गरजला, "आणि तू गो! दोन वर्सां माका उपाशी ठेवलंस! गाण्याशिवाय!"

"तुमीच ठेवलात माका!" विंगेतून प्रेमाही तेवढ्याच जोरात. "लेकाशिवाय!"

टाळ्या थांबेनात. बाळकृष्णानं डोळे पुसले, देवेशला हातानं वर बोलावलं आणि माइक ओढून घेतला.

"ही माझी सून. जुसारा बाळकृष्ण... नाय, जुसारा देवेश! आता बेगीन गावा, आमका चौघांका घराक जावन जेवचा आसा!"